तिसऱ्या वाटेचा नकाशा

चंदीगडला आम्ही तीन वर्षांसाठी गेलो आणि अकरा वर्षं राहिलो. बदलीचा अर्ज मी दर वर्षी करायचो आणि दर वर्षी तो वरच्या कार्यालयात जाऊन झोपी जायचा. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर टेबलावर वाकून दुसऱ्यांच्या इमारती, दुसऱ्यांचे रस्ते आणि दुसऱ्यांची गटारं काढायची, आणि संध्याकाळी मान धरून घरी यायचं. मला त्या शहराचा राग नव्हता, पण लळाही लागला नाही. दोन राज्यांची राजधानी होऊन त्याला चार-पाच वर्षं झाली होती. रस्ते सरळ, झाडं कोवळी, घरं एकसारखी. पहिल्या महिन्यात ऑफिसातून येताना मी दोनदा दुसऱ्याच्याच क्वार्टरचं फाटक उघडलं होतं.

मराठी घरं तेव्हा पन्नासेक असतील. कोणी माझ्यासारखे खात्यातले, कोणी बँकेतले, काही हवाई दलातले. एरवी कोण कुठे आहे याचा पत्ता नसायचा, पण वर्षातून एकदा सगळे सुखना तळ्यावर जमायचे. संक्रांतीला तिकडे इतकं धुकं असतं की तिळगूळ कोणाच्या हातावर ठेवतोय ते दिसू नये. म्हणून रथसप्तमीच्या मागचा किंवा पुढचा रविवार धरायचा. बायकांचं हळदीकुंकू, तिळगूळ, मसालेभात, आणि त्याआधी तळ्याभोवती पायी फेरी. फेरीची कल्पना माझ्या आधीच्या कोणाची तरी होती. मी ड्राफ्ट्समन आहे हे कळल्याबरोबर मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी नकाशाचं काम माझ्या गळ्यात घातलं, आणि ते अकरा वर्षं तिथेच लटकत राहिलं.

पहिल्या वर्षी मी ते काम मन लावून केलं, हे मात्र सांगायला हवं. चार रविवार मी एकटा फिरलो. पावलं मोजली, होकायंत्र नेलं, आणि ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने तीन वाटा काढल्या.

पहिली वाट बांधावरची. तळ्याचा बांध रुंद आणि सपाट आहे. एका टोकाहून निघायचं, तळ्याचं पाणी सोडायच्या दरवाज्यांपर्यंत जायचं, मनाला आलं तर परत यायचं. ही म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी, बाळंतिणींसाठी आणि साडी सांभाळून चालणाऱ्यांसाठी. दुसरी वाट दरवाज्यांपासून तळ्याच्या मागे जाते. खैर आणि कीकर, म्हणजे आपल्या बाभळी, यांचं विरळ रान, मधे दलदलीचा एक पट्टा, थंडीत तिथे बाहेरगावचे पक्षी उतरतात. थोडी चढउतार, दोन तास. ही साधारण माणसांची. तिसरी वाट चो ओलांडून शिवालिकच्या टेकड्यांत शिरते. चो म्हणजे एरवी कोरडा ठणठणीत आणि पावसाळ्यात पिसाळणारा ओढा. तो ओलांडला की तीन वळणं, मग एक फाटा, फाट्याला डावीकडे, आणि सरळ टेकडीच्या धारेवर. टेकड्या उंच नाहीत, पण माती भुसभुशीत. पाय ठेवला की अर्धा पाय खाली घसरतो. वर पोचलं की तळं, शहर, सगळं एका नजरेत येतं. ही दमदार लोकांची वाट, जाऊन-येऊन चार तास.

नकाशाबरोबर तीन याद्या करायच्या असत. कोण कुठल्या वाटेने जाणार हे सेक्रेटरी आणि मी ठरवायचो. खरी कटकट इथे होती. आम्ही सगळी सरकारी माणसं, यादी दिसली की आधी आपला क्रमांक बघणार. तिसऱ्या यादीत नाव येणं म्हणजे बढतीच. एका वर्षी एका वजनदार साहेबांना मी त्यांच्या छातीच्या दुखण्याचा विचार करून पहिल्या यादीत घातलं, तर ते तिळगूळ न घेता घरी गेले. पुढच्या वर्षी त्यांना तिसऱ्यात घातलं. ते चोपर्यंत गेले, दगडावर बसले, आणि बाकीचे परतेपर्यंत तिथेच बसून राहिले. खाली आल्यावर त्यांनी वरून दिसणाऱ्या देखाव्याचं फार सुंदर वर्णन केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. माझा अर्ज त्यांच्याच कपाटात होता.

पहिल्या वर्षी याद्या लिहीत होतो तेव्हा बायको शेजारी येऊन उभी राहिली. ती अकोल्याची. आमच्या साताऱ्याकडे लोक शब्द तोडून टाकतात, तिच्याकडे ते लांबवतात. ती म्हणाली, "मला तिसऱ्यात टाका ना. वरून तळं कसं दिसते ते पाहायचं आहे मला."

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मी म्हणालो, "हिला कोण बघेल? पुढच्या वर्षी जा."

पुढच्या वर्षी मसालेभाताची जबाबदारी आमच्याकडे आली. ज्यांच्याकडे स्वयंपाक, त्यांनी दरवाज्यांपाशी पातेल्यांजवळ बसायचं असा रिवाज होता. तिच्या हातचा मसालेभात लोकांना आवडला, हे तिचं दुर्दैव. त्यानंतर स्वयंपाक दर वर्षी आमच्याकडेच आला. तिसऱ्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, चौथ्या वर्षीही. मी "बघू" म्हणालो. पाचव्या वर्षी तिने विचारलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते. पहिल्या यादीत तिचं नाव मी न बघता लिहायचो, फॉर्मवर स्वतःचा पत्ता लिहितात तसं.

नकाशाचंही तेच झालं. पहिल्या वर्षानंतर मी परत त्या टेकड्यांत गेलो नाही. एकदा गुडघा दुखत होता, एकदा ऑफिसचं काम होतं, नंतर कारणाचीही गरज उरली नाही. आमच्या खात्यात एक पद्धत होती. जुनं ट्रेसिंग काढायचं, दाढीच्या अर्ध्या ब्लेडने कोपऱ्यातलं साल खरवडायचं, नवं साल लिहायचं आणि त्यावरून अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाच्या प्रती, काढून द्यायच्या. जागेवर जाऊन बघून येणाऱ्याला आमच्याकडे अतिशहाणा समजत. सुखनाच्या नकाशावर मी तेच केलं, दहा वर्षं. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढला' आणि 'तपासला' असे दोन रकाने होते. दोन्हींत सही माझीच. साल खरवडून-खरवडून तिथला कागद इतका पातळ झाला की अकराव्या वर्षी त्याला भोक पडलं. मी मागून पट्टी चिकटवली आणि पट्टीवर साल लिहिलं.

त्या अकराव्या वर्षी मुलगी पंधरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिने स्वतःच सांगितलं, "बाबा, इस बार मैं तीसरे में जाऊँगी." मी तिचं नाव घातलं. तिच्या आईने ते ऐकलं आणि ती तांदूळ निवडत राहिली.

त्या रविवारी हवा स्वच्छ होती. तिसऱ्या वाटेला पाच जण गेले. म्होरक्या हवाई दलातला एक तरुण अधिकारी होता, मूळचा नाशिककडचा, शिस्तीचा. त्याने नकाशाची प्रिंट चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "एक वाजता पानावर हजर, काका."

एक वाजला, दोन वाजले. पहिल्या आणि दुसऱ्या वाटेचे लोक जेवून सतरंज्यांवर आडवे झाले. तीन वाजता मसालेभात पातेल्याच्या तळाला थंड पडला होता आणि लोकांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली. मी म्हणालो, वाट सोपी आहे, तरुण मंडळी आहेत, रेंगाळली असतील. मी हे तीन वेळा म्हणालो. तिसऱ्या वेळी माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. थंडीत तिकडे सहाला अंधार पडतो आणि त्या रानात रात्र काढायची गोष्ट नव्हे.

बायको पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "नकाशा दाखवा बरं."

अकरा वर्षांत तिने तो पहिल्यांदा मागितला. सतरंजीवर पसरून ती त्याच्यावर वाकली. तिने तिसऱ्या वळणानंतरच्या फाट्यावर बोट ठेवलं.

"इथून डावीकडे काढून राहिलात तुम्ही?"

"डावीकडेच आहे," मी म्हणालो.

"होतं. तो कडा गेल्या पावसाळ्यात चोमधे गेला. आता उजवीकडून जावं लागते, खैराच्या झाडाखालून. डावीकडे गेलं की माणूस घसरत खाली नाल्यात जाते, आणि तिथून वर येता येत नाही."

मी काहीतरी विचारणार होतो, पण ती उठली होती. जेवणाच्या पिशवीतून, ताटांच्या खालून, तिने कॅनव्हासचे पांढरे बूट काढले. मुलीचे पीटीचे जुने बूट. ते केव्हाच भंगारात गेले असं मी धरून चाललो होतो. त्यांचे तळवे घासून गुळगुळीत झाले होते आणि शिवणींत लाल माती बसली होती. तिने ते घातले, पदर कमरेला खोचला, सतरंज्या बांधायचा दोर खांद्यावर टाकला आणि चालू लागली. मी मागोमाग निघालो.

मला बोलायला श्वासच नव्हता. चोच्या वाळूत ती कुठल्या दगडावर पाय ठेवायचा ते न बघता ठेवत होती. पहिल्या वळणावर मी थांबलो, तीही थांबली. दुसऱ्या वळणावर माझ्या छातीत भाता चालू झाला. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"तुम्ही इथे बसा," ती म्हणाली. "मी घेऊन येते त्यांना."

तिने ते रागाने म्हटलं नाही. पहिल्या यादीतल्या माणसांशी आपण जसं बोलतो तसं म्हटलं. मी बसलो. ती वळणाआड गेली आणि तिच्या बुटांचा आवाज ऐकू येईनासा झाला. माझी मुलगी त्या नाल्यात होती, माझ्या सहीच्या कागदाने तिला तिथे पाठवलं होतं, आणि तिला आणायला निघालेल्या बाईचं नाव त्याच कागदाबरोबरच्या यादीत लेकुरवाळ्यांमधे होतं. मी एवढा वेळ एका जागी बसून कधी घाबरलो नव्हतो.

सव्वा तासाने ती माणसं आली. आधी आवाज आले, मग माणसं. सगळे मातीने माखलेले. मुलीची कोपरं सोलली होती, बाकी ठीक. कडा तुटलेला बघून ते नाल्यात उतरले होते, आणि मग वर चढायला गेले की मातीची भिंतच सुटून हातात येत होती. तिच्या आईने वरून खैराला दोर बांधला आणि एकेकाला काढलं. तरुण अधिकारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, नकाशात डावीकडे आहे." मी म्हणालो, "हो, माझी चूक आहे." नोकरीत तेव्हापर्यंत हे वाक्य मी उच्चारलं नव्हतं.

मुलगी माझ्या शेजारून चालत होती. "मैंने कहा था भैया को, मम्मी दूसरी तरफ़ से जाती है," ती म्हणाली. "पर उन्होंने कहा मॅप में ऐसा ही है."

"मम्मी कुठे जाते?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "ऊपर. हर मंगलवार. आपको नहीं पता?"

मंगळवारी ऑफिसात आठवड्याच्या प्रिंट निघायच्या आणि मी उशिरा परतायचो. तळ्यामागच्या गावातली एक दूधवाली आमच्याकडे रतीब घालायची, ती गवत कापायला त्या टेकड्यांत जायची. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी आमची ही तिच्याबरोबर गेली होती. मग जातच राहिली, पुढे पुढे एकटीही. मी संध्याकाळी यायचो तेव्हा भाकरी तव्यावर असायची, बूट कुठेतरी लपलेले असायचे. हे सगळं मला मुलीकडून त्या उतरणीवर कळलं, हिंदीत.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

ती पातेली घासत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही त्याचीही यादी केली असती," ती म्हणाली.

या बोलण्यावर मला राग आला, आणि तो चार-पाच दिवस टिकला. मग ओसरला, कारण रागवायलाही अंगात जोर लागतो.

त्याच महिन्यात माझी बदली पुण्याला झाली. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली तो कागद हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवून चहा प्यायलो. सामान बांधायचं, मुलीची शाळा, क्वार्टर सोडायचं, सगळं पुढे दिसत होतं. सेक्रेटरींनी नकाशा पुढच्या माणसाकडे द्यायला सांगितलं. मी जुनं ट्रेसिंग फाडून टाकलं आणि नवा कागद आणला. दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ती सांगत गेली, मी काढत गेलो. कुठे चोने पात्र बदललंय, कुठे पावसाळ्यानंतर पुन्हा बघायला हवं, कुठल्या उतारावर बसून उतरायचं. कुठे सावली आहे आणि कुठे बायकांना आडोसा मिळतो, हेही तिने घालायला लावलं. अकरा वर्षांत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काम पुरं झाल्यावर मी चौकटीतला 'तपासला'चा रकाना तिच्यापुढे केला आणि पेन दिलं.

"मी कायला सही करू?" ती म्हणाली. "मी काही तपासायला जात नव्हते."

तो रकाना मी तसाच कोरा सोडला.

निघायच्या आदल्या रविवारी मी म्हणालो, मला वर यायचंय. तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, पण नाही म्हणाली नाही. दशम्या, पाण्याची बाटली आणि थर्मास घेऊन आम्ही निघालो. मार्च लागला होता, कीकरांना फुलं होती. मी या वेळी सावकाश चाललो. दुसरं वळण गाठलं, तिसरंही गाठलं, आणि फाट्यावरच्या खैराखाली माझे पाय संपले. तिथून धार दिसत होती. तरुण माणसाला पंधरा मिनिटांची.

"तू ये जाऊन," मी म्हणालो. "मी पिशवीपाशी बसतो."

ती गेली. मी तिच्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिलो, मग ते दिसेनासे झाले. पिशवी मांडीशी घेऊन बसणं सोपं काम नाही. ऊन सरकतं तसं सरकायचं, मुंग्या झटकायच्या, वरून कोणी येतंय का बघायचं, आणि वर काय चाललंय याची कल्पना करायची. ती दरवाज्यांपाशी पातेल्यांजवळ हे दहा वर्षं करत होती, आणि मी बांधावरून फिरून आलो की भात गरम आहे का एवढंच विचारायचो.

ती तासाभराने आली. चेहरा लाल झाला होता आणि शांत होता. मी तिला चहा ओतून दिला आणि इतके दिवस अडकलेलं विचारून टाकलं. "वर एवढं काय दिसतं गं?"

तिने कप दोन्ही हातांत धरला.

"सगळं दिसते," ती म्हणाली. "तळं, बांध, सगळे सेक्टर. आपलं क्वार्टर तेवढं दिसत नाही, मधे टेकडी येते. पहिल्या वेळी मी लई शोधलं. दिसेना तेव्हा रडूच आलं मला, आणि मग बरं वाटलं. तिथे बसलं की अर्धा तास मी कोणाचीच नसते. म्हणून जात होते मी."

मला वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं. ती "हो" म्हणाली.

चहा संपल्यावर तिने पिशवी उचलायला हात पुढे केला, सवयीने. मी ती दिली नाही. उतरताना मला पिशवी दोनदा खाली ठेवावी लागली, आणि दोन्ही वेळा ती पुढे जाऊन थांबली.